सायकलींच्या खोलीतलं इंग्रजी

इंग्रजी भाषेला आजवर कुणीही शरण आणू शकलेलं नाही. राजे आले नि गेले, व्याकरणकार आले नि तेही गेले. ही बया मात्र पाहुणी म्हणून ज्या घरात शिरली त्या घरची सासू होऊन बसली. तिला पहिल्यांदा गुडघे टेकायला लावले ते आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, सायकली ठेवायच्या खोलीत, एका मंगळवारी संध्याकाळी. विजयी सैन्यात एक सेनापती आणि सहा सैनिक होते. सैनिकांपैकी दोघींना कमी ऐकू यायचं, एकाला लिफ्ट बंद पडली की मधूनच उठून जावं लागायचं, आणि एकजण, म्हणजे मी, खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बसवलेला होतो.

सेनापती म्हणजे माझ्या वहिनी. त्यांनी सगळी नोकरी डोळ्यांच्या दवाखान्यात काढली. समोरच्या पाटीवरची अक्षरं लोकांकडून वाचून घ्यायची आणि चष्म्याचा नंबर काढायचा, हे काम. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी दादा गेला. नंतर कितीतरी दिवस वहिनी बंद टीव्हीसमोर बसून असायच्या. लावू का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "नको, बघतेय." मीही शेजारी बसून बंद टीव्ही बघायचो. कार्यक्रम फारच लांबत चालला होता.

तो बंद पडला तळमजल्यावरच्या काकूंमुळे. काकूंचा नातू परदेशात वाढलेला. त्याच्यासाठी काकूंनी अख्खा हिवाळा खपून स्वेटर विणून पाठवला. पोरानं तो अंगात घातला, फोनच्या पडद्यावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजी, धिस इज सिक." काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण सिक म्हणजे आजारी एवढं येत होतं. लोकर पोराला बाधली असं समजून त्यांनी त्याला तो आधी काढायला लावला. पोर खट्टू झालं. आपण काय गोंधळ घातला हे काकूंना कळलं नाही आणि विचारायची लाज वाटली, म्हणून पुढच्या प्रत्येक फोनवर त्या नुसतं "येस, येस" म्हणू लागल्या. अशाच एका फोनवर नातवानं विचारलं की आजी, तू माझ्यावर रागावलीस का. काकू म्हणाल्या, "येस." त्यानंतर नातू फोनवर यायचाच थांबला.

काकू रडत वर आल्या. वहिनींनी काकूंच्या सुनेला फोन लावून चौकशी केली, तेव्हा कळलं की तिकडच्या पोरांत सिक म्हणजे झकास. काकूंनी डोळे पुसले, जरा विचार केला आणि विचारलं, "मग खरंच आजारी पडली की काय म्हणतात गं ती पोरं?"

वहिनींना सांगता येईना. त्या काकूंकडे बघून हसल्या. दादा गेल्यानंतरचं ते पहिलं हसू. दुसऱ्या दिवशी बंद टीव्हीसमोर मी एकटाच होतो.

असा वर्ग सुरू झाला. सायकलींच्या खोलीत तेव्हा सायकली उरल्या नव्हत्या. पोरं मोठी झाली, गाड्या आल्या, सायकली भंगारात गेल्या. एकच राहिली, ती इमारतीच्या अध्यक्षांची. तिच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती, पण अध्यक्षांची वस्तू हलवायला अध्यक्षांची परवानगी लागते आणि परवानगी मागायला गेलं की सभा भरते. म्हणून वहिनींनी ती तशीच भिंतीशी राहू दिली आणि तिच्या हँडलला नि सीटला टेकवून फळा उभा केला. फळ्याला जे काही बळ होतं ते सायकलीचं होतं.

विद्यार्थी म्हणजे काकू, कोपऱ्यावरचे शिंपी, ज्यांना गाव मास्तर म्हणतं, लिफ्ट दुरुस्त करणारा, वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी, आणि मी. वर्गात मास्तर विद्यार्थी होते आणि मास्तरीण वेगळीच होती, यावर लिफ्टवाल्यानं पहिल्या दिवशी एक विनोद केला. तो दोघी बहिणींना दोनदा मोठ्यानं सांगावा लागला आणि तिथेच मेला.

पहिल्या दिवशी वहिनींनी जे शिकवलं त्याला सगळ्यांनी माना डोलावल्या. समजलं? समजलं. वहिनींनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, दवाखान्यातही हेच व्हायचं. खालच्या ओळीतलं अक्षर दिसत नसलं तरी माणूस 'दिसत नाही' म्हणायला लाजतो. जीव गेला तरी चालेल, पण काहीतरी ठोकून देतो. मग नंबर चुकतो, आणि चुकीचा चष्मा लावून बिचारा वर्षभर पायऱ्यांवर ठेचकाळतो. जो सरळ दिसत नाही म्हणाला, त्याला योग्य चष्मा मिळाला. "तेव्हा या खोलीत," वहिनी म्हणाल्या, "जो कुणी 'माहीत नाही' म्हणेल त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आणि त्यानं बदल्यात एक प्रश्न विचारायचा."

हा नियम आधी आम्हाला पोरकट वाटला. पण टाळ्यांची चटक वाईट असते. मास्तरांच्या आयुष्यात त्यांच्यासाठी टाळी अशी कधी वाजलेलीच नव्हती. गिऱ्हाईक फार तर बाही तोकडी झाली म्हणून टाळकं सडकायचं. महिन्याभरात मास्तर अशा थाटात "माहीत नाही" म्हणू लागले की एखाद्याला वाटावं, काहीतरी मोठं माहीत आहे.

आणि प्रश्न तर असे यायला लागले की वहिनींना रोज शब्दकोशात तोंड खुपसावं लागे. दिवा 'गो ऑफ' झाला म्हणजे विझला, मग गजर 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजायला का लागतो? हा मास्तरांचा. लिफ्ट म्हणजे उचलणं, तर खाली येताना तिला लिफ्ट का म्हणायचं? हा अर्थातच लिफ्टवाल्याचा; इतकी वर्षं तिच्या पोटात शिरून कामं केली आणि हे आपल्याला कधी सुचलं नाही, याचं त्याला दोन दिवस वाईट वाटत होतं. स्लिम चान्स आणि फॅट चान्स, एक बारीक नि एक जाड, तरी दोन्हींचा अर्थ आशा सोडा, असा कसा? यावर दोघी बहिणींतली धाकटी म्हणाली की बारीक असो की जाड, चान्स काही नसतो, हे आम्हाला स्थळं बघायच्या वयातच कळलं होतं.

काकूंनी एक दिवस धीर केला आणि फोनवर नातवाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "दॅट डे आय डोन्ट नो सिक. यू टेल." त्याला जन्मात पहिल्यांदा असं मोठं माणूस भेटलं होतं ज्याला काहीतरी माहीत नव्हतं आणि ते तसं सांगत होतं. त्यानं मन लावून समजावलं. मग काकूंनी त्याला जाड चान्स नि बारीक चान्सचा प्रश्न घातला. तो त्याला येईना. तेव्हापासून दर रविवारी तो स्वतः फोन करी आणि पहिलंच विचारी, आजी, या आठवड्याचा प्रश्न काय. स्वेटरही पुन्हा अंगात दिसू लागला.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना अध्यक्षांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालायला रस्ता होता, पण रस्त्यावर लोक भेटतात, आणि लोक पाण्याच्या टाकीबद्दल विचारतात. म्हणून अध्यक्षांनी ठरवलं की इमारतीनं पळायचं यंत्र घ्यावं, म्हणजे माणूस कितीही पळाला तरी तिथल्या तिथे राहतो आणि कुणी भेटत नाही. यंत्राला जागा हवी होती. जागा म्हणजे आमची खोली.

सभेत वहिनींनी विरोध केला. अध्यक्ष गोडीनं म्हणाले की वहिनी, वर्ग चालतो हे ऐकून आहोत, पण शिकतं का कुणी? माझे व्याही इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक आहेत. मंगळवारी त्यांना आणतो. त्यांनी तपासून सांगावं. वर्गात दम आहे म्हणाले तर खोली कायमची तुमची, नाही म्हणाले तर बुधवारी यंत्र येईल. "व्याही म्हणतील ते शेवटचं," अध्यक्ष म्हणाले. सभेनं माना डोलावल्या. सभेला आमचा टाळ्यांचा नियम लागू नव्हता.

त्या आठवड्यात एकदा वहिनी टीव्हीसमोरच्या खुर्चीवरची धूळ झटकताना मला दिसल्या. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊ, खोली गेली तर रविवारी मी पोराला काय विचारू?" मी म्हटलं, माहीत नाही. काकूंनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, पण त्यात जीव नव्हता.

मंगळवारी प्राध्यापक आले. उंच, वाकलेले, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर अनेक वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाचा थकवा. अध्यक्ष त्यांच्यामागून अदबीनं, हात पुढे बांधून आले. मुलीच्या सासऱ्यासमोर माणूस किती सज्जन दिसू शकतो हे बघण्यासारखं होतं. प्राध्यापकांना पंख्याखालची खुर्ची दिली. त्यांनी सायकलीला टेकलेल्या फळ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

सुरुवात मास्तरांपासून झाली. प्राध्यापकांनी एक वाक्य इंग्रजीत सांगितलं आणि अर्थ विचारला. वाक्य लांबलचक होतं, त्यात मध्येच कुठेतरी क्रियापद लपून बसलं होतं. मास्तर उठले, छाती काढली आणि म्हणाले, "माहीत नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. प्राध्यापक दचकले.

मग लिफ्टवाला. माहीत नाही. टाळ्या. दोघी बहिणींना प्रश्न ऐकूच गेला नाही, पण टाळ्यांचा अंदाज घेऊन दोघी एकदम म्हणाल्या, माहीत नाही, आणि स्वतःसाठीही टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष आता खुर्चीत ऐसपैस रेलले. त्यांना ते यंत्र भिंतीशी उभं दिसत असावं. काकूंची पाळी आली. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. खोली वाचवायची तर आता काहीतरी ठोकून द्यावं, हे कुणालाही कळत होतं. वहिनींनी मान किंचित हलवली, ठोकून देऊ नका अशी. काकू म्हणाल्या, माहीत नाही.

"वर्षभर शिकून एवढंच येतं होय?" अध्यक्ष म्हणाले. व्याह्यांकडे वळून त्यांनी हसण्याची परवानगी असल्यासारखं हसून घेतलं.

प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि वहिनींना विचारलं की बाई, तुम्ही यांना शिकवता तरी काय. वहिनी उभ्या राहिल्या. आवाज अगदी दवाखान्यातला, शांत. म्हणाल्या, "नियमाप्रमाणे यांचा एकेक प्रश्न शिल्लक आहे, सर. तेवढा ऐकून घ्या."

थोरल्या बहिणीनं आधी हात वर केला. म्हणाली, प्रेमात पडलेल्याला इंग्रजीत 'हेड ओव्हर हील्स' म्हणतात, म्हणजे डोकं टाचांच्या वर. पण डोकं टाचांच्या वर तर आत्ता माझंही आहे. मग प्रेमात पडून झालं काय?

प्राध्यापकांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती जागची हलली. ते म्हणाले की मुळात ते उलटं होतं, टाचा डोक्यावर, म्हणजे कोलांटी. पुढे लोकांनी बोलता बोलता शब्दांची अदलाबदल केली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. थोरलीनं धाकटीच्या कानात ओरडून हे सांगितलं. धाकटी म्हणाली, म्हणजे कोलांटी खरीच असते तर.

मग लिफ्टवाल्यानं आपली लिफ्ट काढली. काकूंनी पोरं खरंच आजारी पडली की काय म्हणतात ते विचारलं. प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. थकवा कुठे गेला ते कळलं नाही. ते हातवारे करून सांगत होते, मध्येच स्वतःशी हसत होते, एकदा तर उठून फळ्यावर काहीतरी लिहायला गेले आणि सायकलीच्या पेडलवर त्यांची नडगी आपटली, तरी थांबले नाहीत. अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. व्याह्यांना घड्याळ दाखवायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

शेवटी मास्तर उठले. गळ्यात मापाची टेप होतीच. म्हणाले, "सर, एखादी गोष्ट पुरेपूर केली की साहेब म्हणतो, होल नाइन यार्ड्स. नऊच्या नऊ वार. मी जन्मभर कापड मोजलं. आपल्याकडे नऊ वार म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं ते सांगायला नको, पण ते साहेबाला कोण नेसवणार? हे नऊ वार कशाचे?"

प्राध्यापक म्हणाले की कुणी म्हणतात कापडाचे, कुणी म्हणतात काँक्रीटच्या गाडीचे, कुणी बंदुकीच्या गोळ्यांच्या पट्ट्याचे. मास्तर आदरानं ऐकत होते. अशा वेळी माणसं ऐकतात तसं, की तीनपैकी खरं कोणतं ते आता सांगतीलच. प्राध्यापकांनी खोलीभर नजर फिरवली. अध्यक्ष अभिमानानं मान डोलावत होते. हेच ते अक्षर होतं, खालच्या ओळीतलं. वहिनी त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. दवाखान्यात माणूस डोळे बारीक करायला लागला की उभ्या राहत असतील तशा, घाई न करता.

प्राध्यापक म्हणाले, "खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

टाळ्यांचा असा कडकडाट त्या खोलीनं आधी ऐकला नव्हता. मास्तर उभे राहून वाजवत होते. दोघी बहिणींनी हे वाक्य मात्र कसं कोण जाणे पहिल्या झटक्यात ऐकलं. लिफ्टवाल्यानं पान्ह्यानं पत्र्याचं कपाट वाजवलं.

प्राध्यापकांचा चेहरा लाल झाला. ते उठले. अध्यक्षही ताडकन उठले, म्हणाले की थट्टा करता काय, पाहुणे आहेत ते माझे. टाळ्या थांबल्या. आपलं चुकलं काय हे आम्हा कुणालाच कळेना. परीक्षकाला टाळ्या वाजवायच्या नसतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

काकू पुढे झाल्या. म्हणाल्या, "थट्टा नाही हो. इथे याहून मोठं बक्षीसच नाही. मला ते घ्यायला दीड महिना लागला, तुम्हाला पहिल्याच दिवशी मिळालं."

मग वहिनींनी त्यांना दवाखान्याची गोष्ट सांगितली, दोनच वाक्यांत. प्राध्यापक उभ्या उभ्या ऐकत होते. हळूहळू खाली बसले. मग बोलले ते आमच्याशी नव्हे, पंख्याशी बोलावं तसं. म्हणाले की आयुष्यभर वर्गात मी हे एक वाक्य टाळत आलो. भीती वाटायची, एकदा म्हटलं की पोरं डोक्यावर बसतील. आणि पोरांनीही मला कधी नऊ वार कशाचे ते विचारलं नाही. परीक्षेत येत नाही ना.

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि हळूच विचारलं की मग व्याहीबुवा, निकाल काय म्हणायचा?

"निकाल असा," प्राध्यापक म्हणाले, "की यांना इंग्रजी येत नाही."

काकूंनी डोळे मिटले.

"मला वाटलं होतं मला येतं," प्राध्यापक म्हणाले. "बाई, पुढच्या मंगळवारी एक खुर्ची वाढवा. पंख्याखाली नको, मानेला वारा लागतो. आणि व्याहीबुवा, ते यंत्र दुसरीकडे कुठे बसत असेल तर बघा. मी येईन त्या वेळी इथे कुणी पळत असलेलं बरं दिसणार नाही."

व्याही म्हणतील ते शेवटचं, हे अध्यक्षांचंच वाक्य होतं, आणि ते सभेत बोलले होते. मुलीच्या सासऱ्यासमोर शब्द फिरवणं त्यांना आता सातही जन्मात शक्य नव्हतं. ते बाहेर पडले.

त्यानंतर जे झालं त्याला विजयोत्सवच म्हणावं लागेल. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून वहिनींच्या गळ्यात घातली, हाराऐवजी. दोघी बहिणी एकमेकींना मघाशी काय काय झालं ते ओरडून सांगत होत्या, त्यामुळे सगळ्या इमारतीला कळलं. काकूंनी तिथूनच नातवाला फोन लावला. तिकडे सकाळ होती, पोरगं झोपेत होतं. काकू ओरडल्या, "नाइन यार्ड्स! प्रोफेसर डोन्ट नो!" पलीकडे टाळ्या ऐकू आल्या, नियम तिथवर पोहोचला होता. वहिनी फळ्याला पाठ लावून उभ्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या. दादा असता तर त्यानं तो आवाज ओळखला असता. मी ओळखला. इंग्रजी भाषा आमच्या पायाशी पडली होती आणि आम्ही तिला ऊठ म्हणायलाही तयार नव्हतो.

एवढ्यात दार उघडलं. दारात अध्यक्ष उभे होते. चेहरा गंभीर होता. काहीतरी निर्णायक बोलायचं म्हणून ते परत आले होते हे उघड होतं. हातात एक जुनं फडकं होतं. ते सरळ वहिनींसमोर येऊन थांबले, एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

"वहिनी," ते म्हणाले, "फळा जरा हातात धरता का? मला सायकल काढायचीय. डॉक्टर काही ऐकत नाहीत. आणि कुणाकडे हवा भरायचा पंप असला, तर तोही हवा होता."